चार बोटं सैल

नागपूरच्या उन्हात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या गाडीचं छत एक दिवस खाली येतंच. कापडामागचा फोम भाजून त्याची भुकटी होते आणि कापड सुटून लोंबायला लागतं. लोक आधी टाचण्या टोचून पाहतात, मग चिकटपट्टी लावतात, आणि केसांत पिवळी भुकटी पडायला लागली की मुकाट्यानं दुकान शोधतात. प्रताप नगरच्या बाजूला ते दुकान म्हणजे धोंडबांचं. धोंडबा जाऊन वर्ष झालं होतं. आता दुकान त्यांची मुलगी दीप्ती चालवायची, आणि आपलं काम बापापेक्षा काकणभर सरस आहे असं तिचं स्पष्ट मत होतं.

मत खोटं नव्हतं, पण ते गिऱ्हाइकांना पटायचं बाकी होतं. बापाची जुनी माणसं एकेक करून दुसरीकडे वळली होती. मधुकरराव आपली पांढरी गाडी घेऊन आले, ते परत आलेले पहिलेच. बँकेतून निवृत्त झालेले, कॉलनीत शब्द चालणारे. ते खूश झाले तर मागोमाग दहा गाड्या येणार होत्या. नाराज झाले तर दुकान बंद करून बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात शिलाईवर बसायचं, हेही दीप्तीला ठाऊक होतं.

तक्रार एकाच कोपऱ्याची होती. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, कापड खाली यायचं. धोंडबांनी दोनदा छत नवं केलं, दोन्ही वेळा तेवढा कोपरा लोंबताच राहिला. नेमक्या त्याच जागी मधुकररावांची बायको सुहासिनीबाई बसायच्या. उद्या दोघांना सावनेरला त्यांच्या माहेरी जायचं होतं.

"काका, ढोलकीसारखं ताणून देते," दीप्ती म्हणाली. "टिचकी मारून घ्या, मंगच गाडी न्या."

तिनं छताचा पुठ्ठा बाहेर काढून टेबलावर उलटा ठेवला. कापड सालीसारखं निघत गेलं. डाव्या कोपऱ्यात मात्र ते चिकटवलेलंच नव्हतं. चार बोटं जास्तीचं कापड तिथं मुद्दाम सैल सोडलं होतं आणि खाली पुठ्ठ्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, 'इथं सोल्युशन लावू नये. चार बोटं सैल.' अक्षर बापाचं होतं.

दीप्तीला आधी हसू आलं. शेवटी शेवटी म्हाताऱ्याला कोपऱ्याचं वळण साधत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! लेकीच्या नजरेस चूक पडू नये म्हणून त्यानं चुकीचाच नियम करून टाकला होता. तिला त्याची फार आठवण आली. मग तिनं पुठ्ठा घासायला घेतला आणि ते अक्षर पॉलिश पेपरखाली पुसून टाकलं.

बाकी पुठ्ठ्यावर फोमची भुकटी झाली होती. त्या कोपऱ्यातला फोम मात्र कालच आणल्यासारखा मऊ निघाला. हात लावला तर पुठ्ठाही तिथं गार होता. बाहेर पंचेचाळीसचं ऊन होतं. कूलरची हवा लागत असेल म्हणून तिनं पुठ्ठा फिरवला. कूलर दुसऱ्या बाजूला गेला, तरी कोपरा गारच राहिला. एवढ्यावर काम थांबवणाऱ्यांतली ती नव्हती.

सोल्युशनचे दोन हात दिले, सुकू दिलं, राखाडी कापड पसरलं आणि मधून कडांकडे तळव्यानं दाबत गेली. कोपऱ्याशी कापडानं उलटं रेटलं. हवा अडकली असती तर हाताखाली सरकली असती. हे सरकत नव्हतं. दीप्तीनं ओठ आवळले, गुडघा टेकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. बराच वेळ दोन्हीकडून जोर चालला.

मग एकदम कोपरा बसला. कोणीतरी जागा सोडून उठावं, तसा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मधुकरराव आणि सुहासिनीबाई आले. मधुकररावांनी डोकं आत घालून टिचकी मारली. छत वाजलं. त्यांचा चेहरा उजळला.

"धोंडबाले नाही जमलं, ते तू केलं," ते म्हणाले.

वर्षभर दीप्ती या एका वाक्यासाठी थांबली होती. तिला बापाबद्दल थोडं वाईटही वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता.

सुहासिनीबाई आपल्या जागी बसल्या. त्यांची हनुवटी छातीला लागली होती.

"काहून वाकून बसली वं?" मधुकररावांनी विचारलं.

"डोक्याले टेकून राहिलं ना."

केस आणि छत यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा होती. मधुकरराव हसले. त्यांनी दोनदा समजावलं, खांद्याला धरून सरळ करून पाहिलं. मान वर होईना. त्यांचं हसू मावळलं.

दीप्तीनं मान-अपमान बाजूला ठेवला. ब्लेड घेतलं, कोपऱ्याची कड कापली, कापड सोडवलं आणि चार बोटं सैल दिलं.

कापड खाली आलं नाही.

सुटी कड हातात होती, तरी छत वरच राहिलं, ताठ.

दोघांनी मिळून सुहासिनीबाईंना बाहेर काढलं. समोर रिकामा प्लॉट होता आणि वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. गाडीपासून चार पावलं दूर जाऊन त्या थांबल्या. मान तशीच वाकलेली. आता गुडघेही किंचित वाकले होते.

"इथंही टेकते," त्या हळूच म्हणाल्या.

"काकू, काही नाही वर," दीप्ती म्हणाली. "हे पाहा."

तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला नेला.

हात अडला.

तिनं बोटं पसरली आणि काम झाल्यावर फिरवायची तसा तळवा सावकाश फिरवला. कापड होतं. तिनंच निवडलेलं, तिनंच ताणलेलं. हात पुरला तिथवर ती चाचपत गेली.

कुठंही एक सुरकुती नव्हती.