हजेरीपटातली दोन नावं

आईला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा तिनं माझ्याकडे एकच मागणं मागितलं. "जुईली, बाबांना पहिली बायको आणि मुलं होती म्हणतात. त्यांची नावं तरी शोधून दे."

मी अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नोंदी तपासणं, जुळवणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं. आईचे बाबा म्हणजे डॉ. एर्विन ताउसिग, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातले ज्यू. १९३९ साली जर्मन फौजा तिथं शिरल्यावर ते एकटेच निघाले आणि कापसाच्या जिनिंगमधल्या कोणा ओळखीच्या इंजिनिअरच्या शब्दावर अकोल्यात आले. ताजना पेठेत दवाखाना टाकला. पुढं सत्तेचाळीस साली त्यांनी सिंधू नावाच्या नर्सशी लग्न केलं. ती माझी आजी. आई पंधरा वर्षांची असताना ते वारले. मागच्या घराबद्दल त्यांनी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

अकोल्याच्या तिसऱ्या खेपेला जिल्हा कचेरीत परदेशी रहिवाशांची जुनी फाइल सापडली. त्यात आजोबांचा दरवर्षी एक फॉर्म. १९३९: पत्नी ग्रेटे, मुलगी हाना, वय आठ, मुलगा फेलिक्स, वय सहा. मुक्काम ब्रनो. हिंदुस्थानात प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. १९४० साली तेच. १९४१ साली तेच, फक्त अक्षर बारीक झालेलं. बेचाळीसच्या फॉर्मवर कुटुंबाचा रकाना कोरा होता.

प्रागच्या अभिलेखागाराला लिहिलं. तिथून ईमेल आली: तिघांना ३१ मार्च १९४२ रोजी ब्रनोहून नाझी छावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. परतल्याची नोंद नाही.

नावं मिळाली होती. काम संपलं होतं. पण फाइलला एक चिठ्ठी टाचलेली होती, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका शाळेत दोन्ही मुलांना प्रवेश मिळाल्याची.

शाळेच्या कारकुनाचं नाव हसनैन. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं दाखल-खारिज रजिस्टर उघडलं. जून १९४०, हाना आणि फेलिक्स ताउसिग, पालकाची सही. मला समजलं. परवाना आज ना उद्या येईल, मुलं आल्यावर त्यांचं वर्ष वाया नको, म्हणून बापानं आधीच नावं घातली होती.

"घेतला दाखला, तं आले बी असतील न पोरं," हसनैन म्हणाला.

"नाही आली. ती तिकडेच होती."

तो उठला. आत जाऊन हजेरीपट घेऊन आला. "मंग हे काय हाय मॅडम?"

ऑगस्टपासून दोन्ही नावांपुढं 'ह' होता.

मास्तरांनी पट फुगवला असेल, असं मी म्हटलं. पटाचे फोटो काढले आणि घरी येऊन त्यांवरून आकडे मांडले. खोटी हजेरी एकसारखी असते. ही तशी नव्हती. फेलिक्स दोन दिवस गैरहजर, तिसऱ्या दिवसापासून हाना गैरहजर. एकाचा ताप दुसऱ्याला लागावा तशी. फेलिक्सच्या नावापुढं एकदा 'नखे अस्वच्छ' असा शेरा होता. दोघांचा शेवटचा 'ह' ३० मार्च १९४२ चा.

हानाच्या वर्गातली एकजण अजून हयात होती. माणिकबाई, हसनैनच्या आईच्या ओळखीची. चौऱ्याण्णव वर्षांची, दर्यापूरला लेकीकडे राहणारी.

"हाना? माह्याच बाजूले बसे वं," ती लगेच म्हणाली. "चैतातबी लोकरीचा कोट. बोलली का तोंडातून वाफ निघे. मी म्हनो, काढ न तो कोट. तं म्हने, इथं लय थंडी हाय."

"आजी, तिचे वडील कधी शाळेत यायचे?"

"रोज. शाळा सुटाच्या टायमाले डाक्टर फाटकापाशी उभा राहे. हे दोघं त्याच्यापाशी जाऊन त्याच्या बाह्या ओढत. अन तो आपला दुसऱ्याच पोरायच्या तोंडाकडं पाहे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याले दिसतच नोते. आमाले सगळ्यायले दिसत."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगतलं. डाक्टर, हे काय तुमची पोरं, म्हनलं. त्यानं हवेत हात फिरवला. फिरवतच राह्यला. पोरगी बाजूले सरकली, अन रडाले लागली."

लेकीनं चहा आणला. 

आईला सगळं सांगितलं. तिनं तिन्ही नावं एका कागदावर लिहून घेतली. मग म्हणाली, "आता आपण काय करायचं गं?"



चार दिवसांनी हसनैननं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवलेला अर्ज. मराठी मजकूर दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लिहून घेतलेला असावा. सही आजोबांची. तारीख ३० मार्च १९४२.

"माझी मुले मला दिसत नाहीत. चौथीतील माणिक सांगते की, ती उद्यापासून येणार नाहीत. कोठे नेणार हे त्यांनाही ठाऊक नाही. मी येथून काहीही करू शकत नाही. तरी कृपा करून त्यांची नावे पटावरून कमी करू नयेत."

खाली मास्तरांचा शेरा, जांभळ्या शाईत.

"१५ एप्रिल. नावे कमी केली नाहीत. पुकारल्यावर दोन्ही वर्गांतून अजून 'हजर' असे उत्तर येते. बाकावर कोणी नसते. इतर मुले भितात. पुकारणे बंद करावे काय, कळवावे."

त्याखाली मुख्याध्यापकांच्या हुकमासाठी जागा सोडली होती. तिथं कोणी काही लिहिलेलं नाही.