सहाव्या गाण्यातले तीन ठोके

दार लावण्याआधी आपण आत डोकावून पाहिलं होतं की नाही, हे प्रोफेसरांना कधीच नक्की आठवलं नाही. कधी वाटे, पाहिलं होतं. दिव्याचं बटण दाबल्याचंही आठवे. कधी वाटे, हे चित्र आपणच नंतर सावकाश रंगवलं असणार. माणूस सोयीचं तेवढंच आठवतो, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. दार मात्र त्यांनीच लावलं होतं. खिट्टी त्यांच्याच हाताने बसली होती. तेवढं पक्कं.

ती खोली स्टुडिओच्या तळघरात होती. खिडकी नाही, सामान नाही. भिंतींना गुळगुळीत सिमेंट आणि त्यावर व्हार्निशचे चार हात. एका टोकाला पुरुषभर उंचीचा स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. वरच्या मजल्यावर वाजलेला ड्रम तारेतून खाली यायचा, त्या रिकाम्या खोलीत सुटायचा, भिंतींवर आपटत घुमायचा आणि तो घुमारा पुन्हा तारेतून वर जाऊन वेगळ्या चॅनेलवर टेप व्हायचा. दार जरा उघडं राहिलं तरी घुमारा आखूड व्हायचा, म्हणून त्याला कडेने जाड रबर होतं. ते घट्ट बसावं म्हणून खिट्टी बाहेरून. आतून साधी मूठही नव्हती. आत कोण असणार?

ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते रॉक बँडच्या पोरांचं रेकॉर्डिंग करायला बसले, म्हणून पोरांनी त्यांना प्रोफेसर म्हणायला सुरुवात केली. पोरं चार. त्यांतला बास वाजवणारा प्रोफेसरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्या दिवशी निघताना बायको दारापर्यंत आली होती.

"त्याच्याकडे लक्ष ठेवा हं. दोन रात्री झोपला नाहीये. जागरण झालं की त्याला फिट येते."

"ठेवतो," प्रोफेसर म्हणाले होते. हे त्यांना आठवत होतं. हे विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी धाकट्याचं आणि गायकाचं वाजलं.

"तुझा बास ऐकला की मला झोप येते," गायक म्हणाला.

"मग झोप. तेवढंच गाणं सुधारेल."

जाकीट खांद्यावर टाकून धाकटा निघाला. जाताना प्रोफेसर बसत त्या खोलीच्या काचेपाशी थांबून म्हणाला, "भावजी, ताईला सांगू नका हं, मी भांडलो म्हणून."

"गेला रुसून," ड्रमर म्हणाला. "भूक लागली की येईल."

सहाव्या गाण्यातला त्याचा बास आधीच टेप झालेला होता, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. तो घरी गेला असंच सगळ्यांनी धरलं. तळघरातली खोली थंड आणि काळोखी आहे, स्पीकरच्या मागे एक माणूस आरामात आडवा होऊ शकतो, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

साडेचारला प्रोफेसरांनी खालच्या खोलीचं दार लावलं आणि सहावं गाणं घेतलं. तिसऱ्या मिनिटाला त्यात ड्रम थांबतो. गिटारचा एकच सूर लांबत राहतो, सायरन विझत जावा तसा. त्या शांततेत, घुमाऱ्याच्या चॅनेलवर, तीन ठोके आले. दोन जवळजवळ. तिसरा उशिरा.

ड्रमरने काठी स्टुलावर आपटली असेल, असं प्रोफेसरांना वाटलं. आणि आवडलं. फार आवडलं. त्यांनी त्या चॅनेलच्या आवाजाची पट्टी वर सरकवली.

साडेसहाला स्पीकर बंद करायला ते खाली गेले. खिट्टी काढली. दार ढकललं, तर ते अडलं... आतून काहीतरी जड टेकलेलं होतं.

"फिट आली आणि डोकं आपटलं," डॉक्टर म्हणाले. "कुणी वेळेवर—" मग त्यांनी प्रोफेसरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

अल्बम आला. पहिल्या वर्षी फारसा कुणी घेतला नाही. बँडने पुढे आणखी दोन काढले, ते लोक विसरलेही. पण हा पहिला काही मरेना. दर पाच-सात वर्षांनी नवी पोरं यायची आणि मुलाखतीत सांगायची, आम्ही हातात गिटार घेतली ती हा अल्बम ऐकून. त्या तीन ठोक्यांवर लेख आले. तिसरा ठोका उशिरा का, यावर कुणी प्रबंध लिहिला. मोठमोठ्या मैदानांत सहावं गाणं त्या जागी आलं की हजारो माणसं खुर्च्यांच्या पाठीवर ठोकायची, दोन जवळ, एक उशिरा. प्रोफेसरांना त्या ध्वनीसाठी पदक मिळालं. पुढे ते शिकवू लागले, तेव्हा विद्यार्थी विचारायचे, सर, हे सुचलं कसं? ते म्हणायचे, अपघाताने. वर्ग हसायचा.

बायकोपाशी त्यांनी यातलं काहीच काढलं नाही. तिनेही विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षं.

मग नातीने बँड काढला. सरावाला जागा म्हणून आजोबांच्या घरामागची अडगळीची खोली घेतली.

"आजोबा, कानात कापूस घाला. नंतर आईकडे तक्रार नको."

"कोणती गाणी?"

"तुमचीच. दुसरं काय वाजवणार? सुरुवात सगळे त्यांनीच करतात."

आभाळ भरून आलेली, मळकट उजेडाची दुपार होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पोरांनी दार लावून घेतलं. प्रोफेसर बोळात उभे राहिले. निघून जावं असं वाटत होतं, पण गेले नाहीत. पोरांनी सहावं गाणं धरलं, आणि दारावर ठोके पडले. आतून. दोन जवळजवळ. तिसरा उशिरा.

प्रोफेसरांचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. व्हार्निशचा वास येत होता. त्या घरात कित्येक वर्षांत कुणी व्हार्निश लावलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने त्यांचा हात बाजूला केला आणि दार उघडलं.

पोरं खोलीच्या पार टोकाला होती. वाजवायची थांबली.

"काय झालं, आजी?" नातीने विचारलं.

"ठोकलंत ना?"

"अजून नाही गं. पहिलंच कडवं चाललंय."

 दाराची फळी धरून बायको कडेला झाली, कुणाला जागा करून द्यावी तशी. मग नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "सरका. वाट द्या."

ते भिंतीला टेकले. त्यांच्या छातीसमोरून गार हवा गेली आणि तिच्याबरोबर तो वास गेला... अंगणाच्या दिशेने.

"लहानपणी मोरीत कोंडला गेला की असाच ठोकायचा," ती म्हणाली. "तिसऱ्याला त्याचा हात दुखायचा. इतकी वर्षं इतकी माणसं ठोकतायत. उघडत कुणीच नाही."

"दार मी लावलं होतं," प्रोफेसर म्हणाले.

"माहीत आहे."

"तो आवाज... मला आवडला. मी वाढवला."

तिने दाराची फळी सोडली.

"हे माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि आत गेली.

तीन वर्षांनी ती गेली. शेवटपर्यंत तिने त्यांच्या जेवणाखाण्याचं, औषधांचं सगळं वेळेवर केलं. पण त्या दुपारनंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा कंपनीने मूळ टेप तपासायला काढल्या आणि एकेक चॅनेल सुटं करून प्रोफेसरांकडे पाठवलं. घुमाऱ्याचं चॅनेल ऐकायला त्यांनी दोन आठवडे घेतले. ठोके होते. पुढे ड्रम पुन्हा सुरू होत होता. पण काहीतरी वेगळं होतं. कानांवर भरवसा नाही म्हणून त्यांनी मोजलं, चार वेगवेगळ्या दिवशी. ठोक्यांआधी ड्रमचा घुमारा विरायला साडेतीन सेकंद लागत होते. त्यानंतर जेमतेम सव्वा. मग कपाटातून पहिल्या वर्षीची रेकॉर्ड काढून तीही मोजली. तिच्यावर घुमारा शेवटच्या सुरापर्यंत साडेतीन सेकंदांचाच होता.

वयाचा परिणाम असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तरी चॅनेलची प्रत त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवली. गाणं कोणतं, टेप कधीची, काहीच कळवलं नाही. फक्त विचारलं, घुमारा का बदलतो?

उत्तर दोन ओळींचं आलं. सर, तिसऱ्या ठोक्यानंतर त्या खोलीचं दार कुणीतरी उघडलं आहे. गाणं संपेपर्यंत ते लागलेलं नाही.