कर्नल, बिस्किट आणि मेरिनचे हातमोजे

"आज नदीवर जाणं रद्द! आज तपास!" फर्गसने तोंडात टोस्ट कोंबूनच जाहीर केलं.

"कसला तपास?" मेरिनने साळसूदपणे विचारलं.

"बॉसला सोडवायचा!" शेजारच्या शेतावरची मारामा गमबूट न काढताच आत घुसली. "माझा कुत्रा बिचारा साखळीत अडकलाय. का, तर तुमच्या पॉपांना वाटतं, कोंबड्यांची पिसं त्यानेच उपटली! अगं, तो सशालासुद्धा घाबरतो!"

फर्गस आणि मेरिन ही चुलत भावंडं सुट्टीत आजी-आजोबांच्या, म्हणजे नॅन आणि पॉपांच्या शेतावर येत. तिकडे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. यंदाच्या थंडीत परसातल्या कोंबड्यांकडे बघवत नव्हतं. पाठी उघड्या पडलेल्या, अंगावर ओरखडे, अंडी जवळजवळ बंद! पॉपांनी खुराड्यावर एक नजर टाकली, "कुत्रं!" म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. झाला त्यांचा तपास!

मेरिनला मात्र पहिल्या दिवसापासून बिस्किटचा संशय होता. जानेवारीत तिनेच ते कोंबडीचं पिल्लू गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, उबेला ठेवून वाढवलं होतं. कोंबडी निघेल म्हणता म्हणता निघाला कोंबडा! "इतक्या थोड्या कोंबड्यांत दोन कोंबडे? सारखे पाठीवर चढून बिचाऱ्यांची पिसं उपटतील," नॅन म्हणाली होती. तेव्हा मेरिनने रडून शब्द दिला होता की एप्रिलच्या सुट्टीत ती बिस्किटसाठी वेगळं खुराडं बांधेल. एप्रिल आला आणि मासे पकडण्यात गेला. जाळीचं भेंडोळं शेडमागे तसंच पडून होतं. पॉपाही "राहू दे गं, बघू नंतर," म्हणाले होते. आणि बॉस साखळीत गेला तेव्हा मेरिन गप्प बसली होती.

"सुचलं!" फर्गस ओरडला. "मेंढ्याच्या छातीला रंगाचा खडू बांधतात ना? मग तो कुठल्या मेंढीकडे गेला ते तिच्या पाठीवर दिसतं. आपण दोन्ही कोंबड्यांच्या छातीला आणि पायांना तोच रंग फासू! कर्नलला निळा, बिस्किटला पिवळा!"

"आणि पाठीवर रंग उमटला, की माझा बॉस सुटला!" मारामाने टाळी वाजवली.

कर्नलने, म्हणजे पॉपांच्या म्हाताऱ्या कोंबड्याने, निमूटपणे रंगवून घेतलं. बिस्किटने फर्गसच्या नाकावर पंख मारला.

"हा कोंबडा आहे की गुंड?" फर्गस कळवळला.

"अजून लहान आहे तो!" मेरिन म्हणाली. तिचं तिलाच ते पटलं नाही.

दुपारी बाकी दोघं जेवत असताना ती एकटीच खुराड्यात शिरली. सगळ्या पाठी पिवळ्याजर्द! निळा एका कोंबडीवर, तोही जेमतेम पुसट. कोपऱ्यातल्या पांढऱ्या कोंबडीने मेरिनला पाहताच अंग चोरलं. मेरिनला रडू फुटलं. पण बिस्किट जाईल या भीतीने तिने खिशातला निळा खडू काढला आणि एकेका पिवळ्या पाठीवर घासला. ते करताना तिला स्वतःची शिसारी आली, तरी हात थांबले नाहीत. नंतर साबणाने घासघास घासूनही हातांचा रंग हलेना. मेंढ्यांच्या लोकरीवर पावसात टिकणारा रंग तो! तिने लोकरीचे हातमोजे चढवले.

"निळा! सगळ्या निळ्या!" चहाच्या वेळी फर्गस धावत आला. "बॉस सुटला! चोर कर्नल!"

"कडेने जरा हिरवट वाटतोय," मारामा म्हणाली. पण कुत्रा निर्दोष ठरल्याच्या आनंदात तिने तो विचार सोडून दिला.

"शाबास पोरांनो!" नॅनने तिघांच्या पुढ्यात केक ठेवला. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. पॉपा, मारामाच्या घरी जाऊन माफी मागा. आणि कर्नलचं रविवारी सूप. बाकीच्या कोंबड्या जगायला हव्यात."

"न्याय तो न्याय," पॉपा पुटपुटले. चहा अर्धा टाकून ते टपालाच्या पेटीकडे निघाले. खिडकीतून मेरिनला दिसलं, कर्नल नेहमीसारखा तुरुतुरु त्यांच्या मागे निघाला होता. पॉपा थांबले, वाकले आणि त्याला उचलून कोटात घेतलं.

"केक खा ना!" फर्गस म्हणाला. "आणि हातमोजे घालून कसली बसलीस, महाराणी?"

मेरिन उठली आणि दाराकडे पळाली. "पॉपा! थांबा! कर्नल नाही!"

पॉपा वळले. तिने हातमोजे काढून फेकले. तिचे तळवे गर्द निळे होते आणि बोटांच्या बेचक्यांत पिवळा.

"सगळ्या पाठी पिवळ्या होत्या. मी वरून निळा फासला. बिस्किट जाऊ नये म्हणून! खुराडं मी बांधलं नाही, आणि बॉस साखळीत असताना मला संशय होता तरी बोलले नाही."

बाकीचे तिच्यामागोमाग दारात आले होते. मारामाचे डोळे भरून आले. "मला तर सांगायचंस," ती म्हणाली. मेरिनला ते सगळ्यात जास्त लागलं.

"नॅन, बिस्किटचं..." मेरिन नॅनकडे वळली.

"सूप नको," मारामाच मध्ये बोलली. "आमच्या कोंबड्यांत कोंबडाच उरला नाहीये. ढीगभर कोंबड्या आहेत आमच्याकडे, एकटीच्याच पाठीवर नाही बसणार. पण तो आमचा. परत मागायचा नाही."

मेरिनने मान डोलावली.

पॉपांनी कर्नलला खाली सोडलं. "नीट न बघता कुत्र्यावर आळ घेतला मी, आणि 'बघू नंतर'ही मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "तू निदान येऊन हात दाखवलेस, पोरी. चल, मारामाकडे माफी मागायला दोघं जाऊ."

संध्याकाळी बॉसची साखळी मेरिननेच सोडली. "चुकले रे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. बॉस तिचे निळे हात चाटू लागला.

"त्याला माफीबिफी कळत नाही," मारामा म्हणाली. ती अजून जरा फुगलेली होती. तिने बगलेतल्या बिस्किटला सावरलं आणि बॉसची खेळायची काठी मेरिनच्या हातात दिली. "फेक. लांब फेक."