हरलेल्याचं नाव

"बळकट!" राहीनं वर्गाला समानार्थी शब्द विचारला.

"मजबूत, दणकट, भक्कम!" मुली एका सुरात ओरडल्या... आणि त्या सुरात एक जाडाभरडा पुरुषी आवाज मिसळला. थेट खिडकीबाहेरून.

मुली फिसकन हसल्या. राही खिडकीशी गेली. बाहेर कडुलिंबाच्या सावलीत, भिंतीला पाठ लावून ज्ञानू उभा होता. अंगात पलटणीतला खाकी सदरा, डावा खांदा किंचित उतरलेला, केसांत लिंबाचा मोहर पडलेला.

"शिकायचं असेल तर दारानं यावं," ती म्हणाली.

"मुलींच्या शाळंत नाव घालता व्हय माझं?"

"मागं जागा आहे. पण बोलायचं नाही."

"मंग झालंच की! माझं कामच बोलायचं हाय, बाई."

ते खरंच होतं. ब्रह्मदेशाच्या लढाईत खांद्यात गोळी घेऊन तो परतला, तेव्हापासून त्याची कुस्ती सुटली होती. यंदा गावच्या यात्रेत पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून पैलवान पुकारायचं काम त्याच्याकडे आलं होतं. आणि त्या कामाची रीत मोठी अवघड! प्रत्येक पैलवानाला, प्रत्येक मानकऱ्याला वेगळं विशेषण द्यायचं. एकाचं दुसऱ्याला लावलं की अपमान. मागं शेजारच्या गावात त्यानं दोन पाटलांना एकामागोमाग 'मुख्य पाहुणे' म्हटलं होतं. "दोन दोन मुख्य कसे?" म्हणत दोघांनीही बैलगाड्या जुंपल्या होत्या.

"मला शब्द द्या," तो म्हणाला. या वेळी हसला नाही. "माझ्यापाशी एकच हाय... लय जोरदार. तो किती जणांस्नी पुरवू?"

मग शाळा सुटली की ओट्यावर शिकवणी सुरू झाली. झाडलोट करणारी धोंडुबाई सूप घेऊन मधोमध बसायची. निवडायला तांदूळ असोत नसोत.

"भक्कम भिंत असते," राही सांगायची. "माणूस खंबीर. दणकट म्हणजे हाडापेरानं, कणखर म्हणजे मनानं."

"आन मानकऱ्यांस्नी?"

"प्रमुख. मातब्बर. प्रतिष्ठित. थोर... पण थोर जपून वापरा, सगळ्यांना झेपत नाही."

"समद्यांचा अर्थ एकच न्हाई व्हय?"

"शेजारी आहेत ते. एका घरातले नव्हेत."

तो डोळे मिटून शब्द पुटपुटायचा. मग मान हलवायचा. "मातब्बर नको आमच्या पाटलाला. मातब्बर म्हणलं की घराकडं बघत्यात लोक. त्यो घरानं न्हाई, जबानीनं मोठा हाय." राही चकित होऊन बघत राहायची. साताऱ्याला शिकताना तिनं शब्द पाठ केले होते. हा माणूस प्रत्येक शब्द हातात घेऊन, तो कुणाच्या अंगाला बसेल ते बघत होता.

एकदा त्यानं हळूच विचारलं, "आन तुमास्नी पुकारायचं झालं तर?"

"मी काय लांग घालून आखाड्यात उतरणार आहे?"

"न्हाई... पर झालंच तर?"

राहीनं पदर सारखा केला. कानाच्या पाळ्या तापल्या.

"ए पुकाऱ्या," धोंडुबाईनं सूप आपटलं, "तिला पुकारायला सांगलीचं पावणं येत्यात. यात्रा झाली की दुसऱ्याच दिशी. तू आपलं पाटलाचं बघ."

ओट्यावरचं ऊनच जणू कुणी गुंडाळून नेलं. ज्ञानू उठला. "मला ठावं नव्हतं," एवढंच म्हणाला आणि गेला.

तिला बघायला पाहुणे येणार होते हे खरंच होतं. राहीचे वडील हरिबा वस्ताद. त्यांचा शब्द तालमीत आणि घरात एकच. ज्ञानू एके काळी त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. पण खांदा गमावून आल्यापासून वस्ताद त्याच्याकडं नजर वर करून बघत नसत. "आता तोंडाचा पैलवान झाला," एवढंच म्हणत. त्यांच्यापुढं ज्ञानूचं नाव कसं काढायचं? राहीनं दोनदा तोंड उघडलं... आणि दोनदा पाणी पिऊन मिटलं.

यात्रेच्या दिवशी मैदान माणसांनी गच्च भरलं. राही बायकांत, देवळाच्या पायऱ्यांवर बसली होती. ज्ञानूचा आवाज लाल मातीवरून, गुलालावरून, हलगीच्या ठेक्यावरून पार ओढ्यापर्यंत जात होता. एकही शब्द दुसऱ्यांदा आला नाही. एकही मानकरी उठला नाही. पाटलाला 'जबानीचा पक्का' म्हटल्यावर तर म्हाताऱ्यानं फेट्याचा शेमला दोनदा सारखा केला. प्रत्येक शब्दाला राहीचे ओठ हलत होते.

शेवटची कुस्ती धुळाची. वस्तादांचा आताचा पठ्ठा; मेंढरामागं वाढलेला, अंगानं सडसडीत. समोरचा सांगलीकडचा, दुप्पट. धुळा खाली गेला, निसटला, पुन्हा खाली गेला, पुन्हा निसटला... आणि अखेर चीत झाला. लोक विजयी पैलवानाकडं धावले. कुणीतरी शीळ घातली. वस्तादांनी मान खाली घातली.

इथंच पुकाऱ्याचं काम संपतं. जिंकलेल्याचं नाव घ्यायचं. हरलेल्याचं घ्यायचं नाही. तीच रीत.

पण कर्णा पुन्हा वर गेला.

"ऐका वोऽऽ! माणदेशचा धुळा! चिवट गडी! पाठ लागली, पर गडी दमला न्हाई!"

विजयी पैलवानाकडं धावलेले लोक वळून बघू लागले. राही पायरीवरून उठून उभी राहिली. 'चिवट' हा शब्द तिनं शिकवलाच नव्हता... आणि याहून नेमका दुसरा कुठला असता? मग कुठूनशी एक टाळी पडली, दुसरी पडली, आणि बघता बघता सगळं मैदान वाजू लागलं. मातीनं माखलेला धुळा उभा राहून रडत होता.

दिवेलागणीला ज्ञानू स्वतःच वस्तादांच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"रीत मोडली, वस्ताद. काय बोलायचं त्ये बोला."

वस्तादांनी मिशी चोळली. "हरलेल्याचं नाव कशापायी घेतलंस?"

ज्ञानूनं खाली बघितलं. "मी हरून आलो... तवा कुणी घेतलं न्हाई."

आत चुलीपाशी राहीचा हात थांबला. कितीतरी दिवसांनी वस्तादांनी त्या उतरलेल्या खांद्याकडं नीट बघितलं. मग खाकरून त्यांनी हाक मारली, "राहे! उद्याच्या पावण्यांस्नी जेवाय काय करतीस?"

ती दारात आली.

"आबा, त्यांना येऊ नका म्हणून कळवा."

"आन कारण इचारलं तर?"

राहीनं एकदाच ज्ञानूकडं बघितलं.

"कारण... दारात उभं आहे म्हणावं."

वस्तादांनी लेकीकडं बघितलं, मग दाराकडं. मिशीतलं हसू लपवायला त्यांना तोंड वळवावं लागलं.

"मग त्या कारणाला बस म्हण की, पोरी! घोंगडं टाक... आन च्या ठेव."