जोडीला एक कमी

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या घरात त्या दुपारी सुनेत्राआजी नि तिची नात शुभ्रा, दोघीच होत्या. आजी आपली कोथिंबीर निवडत बसलेली. बाहेर वाळूचं वादळ. उजेडाचा पार चहा झालेला. बाल्कनीच्या फटीतून पिठासारखी धूळ येऊन फरशीभर पसरत होती.

शुभ्रा चेलो घेऊन बसली होती. चेलो म्हणजे पोरीएवढं थोरलं व्हायोलिन, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं. शनिवारी शाळेच्या ऑर्केस्ट्राची निवड. बापाने बजावलं होतं, "यंदा नाही जमलं तर खलास. चेलो परत." पोर रडकुंडीला आलेली, कारण दर खेपेला एकाच जागी तिचा गज घसरे.

"हे गं काय वाजवतेस?"

"डान्स स्वीट, आजी. थ्री हंड्रेड इयर्स ओल्ड. सगळे डान्सेसच, वन आफ्टर अनदर."

"आणि नाचतं कोण?"

"नोबडी! फक्त ऐकायचं."

"अगं बाई! म्हणजे वाजंत्री आहे नि वऱ्हाडच नाही!"

पोरगी हसली नि वाजवू लागली. आजीचा हात मात्र कोथिंबिरीवरच थांबला. टाचा वाजत होत्या... हळू, बेताने, पुष्कळ जणांच्या. विझल्या मेणबत्तीसारखा वास आला. संथ नाच निम्म्यावर आला, शुभ्रा पुढे गेली, तोच कुणीतरी धडपडल्यासारखं झालं नि गज करकरला.

"आजी... तू पाय आपटलास?"

"नाही गं... तू इथलं काही गाळलंस का?"

"रिपीट आहे. प्रत्येक हाफ दोनदा. मी स्किप करते."

आजीने उभ्या जन्मात मंगळागौरी जागवलेल्या. गाणारीने कडवं परत घेतलं नाही, तर फेरातल्या बाया एकमेकींवर आदळतात, हे तिला कुणी सांगायला नको.

"अगं, त्यांचे पाय उचललेलेच राहतात..." ती कुजबुजली. "दोनदा घे. सगळं."

"हूज लेग्ज, आजी?"

"तू वाजव गं. यल्ला, चल!"

शुभ्राने सगळं दोनदा घेतलं. गज घसरला नाही. शेवटच्या धावत्या नाचाला तर कपाटातले पेले किणकिणले, आणि आजीच्या नकळत तिचे हात टाळ्या देऊ लागले.

थांबलं तेव्हा धुळीत टोकदार बुटांचे ठसे होते. फेरासारखे गोल, जोडीजोडीने. एकच जण बिनजोडीचा. त्याची पावलं थेट आजीच्या खुर्चीपुढे येऊन थांबली होती, नाचाला हात मागायला आल्यासारखी.

"गुडघे बदललेत रे बाबा माझे," आजी भीतभीत हसली नि तिने फडकं फिरवलं.

शनिवारी शुभ्रा निवडली गेली. पेढे आले, चेलो घरातच राहिला. आता ती रोज दुपारी वाजवते, काही न गाळता. वादळ केव्हाच सरलं, दारंखिडक्या बंद असतात. तरी वाजवून झालं की ती दोन पावलं खुर्चीपुढे असतातच. आजी पुसते. "उद्या बघू," म्हणते.

काल मात्र आतल्या खोलीत कॉटखाली ठेवलेल्या आजीच्या सपाता बाहेर आलेल्या होत्या. त्या पावलांसमोर, नीट जोडीने, तोंडाला तोंड.

आजीने वाकून हात घातला. सपाता आतून ऊबदार होत्या.