वेदनाग्राहक

नाशिकच्या वेदना न्यायाधिकरणात न्यायासनासमोर दोन खुर्च्या होत्या आणि त्यांच्या मधोमध वेदनासेतू नावाचं यंत्र. डाव्या खुर्चीत रेवती बोडके बसली होती. चौतिशीतली, मुलांना पोहायला शिकवणारी. गेल्या वर्षी एका स्वयंचलित मोटारीनं तिला रस्त्याच्या कडेला उडवलं होतं. कमरेचं हाड सांधलं, क्ष-किरण चित्रं निर्दोष आली, पण दुखणं गेलं नाही. पाण्यात पाय मारला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिचं काम सुटलं होतं.

उजव्या खुर्चीत हनुमंत शेवाळे, न्यायाधिकरणाचे अधिकृत वेदनाग्राहक. फिर्यादीच्या मेंदूतली वेदना सेतूवरून त्यांच्या मेंदूत जायची. ती त्यांना किती जाणवली यावर निकाल लागायचा.

शेवाळ्यांनी डोळे उघडले. "काहीच नाही, साहेब. काही जाणवलं नाही."

पडद्यावरही शून्य होतं.

"असं कसं?" रेवती ओरडली. "आत्ता दुखतंय मला! इथे, बसल्या बसल्या!"

विमा कंपनीचे वकील कौस्तुभ राजे शांतपणे उभे राहिले. "यंत्राला रडता येत नाही, साहेब. म्हणून ते खरं बोलतं. दावा फेटाळावा आणि खोट्या वेदनेचा दावा केल्याबद्दल बाईंवर खटला भरावा."

खोट्या वेदनेला तुरुंग होता. न्यायाधीश भालेरावांनी दोघांनाही खुर्च्यांतून उठायला सांगितलं.

ती उठली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, सगळा भार उजव्या पायावर, दात आवळलेले. त्याच क्षणी शेवाळेही उठले, आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या डॉ. नसीम काझी एकदम पुढे झाल्या. वेदनासेतू त्यांनीच घडवला होता. शेवाळ्यांचा डावा हात दांड्यावर होता. भार उजव्या पायावर होता.

"साहेब, निकाल देऊ नका," त्या म्हणाल्या. "मला ग्राहकाची मूळपातळी पाहू द्या."

"ती काय भानगड?"

"समजा, ग्राहकाचा स्वतःचा दात दुखतोय. ते दुखणं फिर्यादीच्या नावावर लागायला नको. म्हणून सेतू आधी ग्राहकाची स्वतःची वेदना मोजतो आणि तेवढी वजा करतो. उरलेलीच पलीकडे पोचते. ग्राहकाला कळतो तो फक्त फरक."

"मग?"

"दोघांचं एकाच जागी सारखंच दुखत असेल, तर फरक शून्य येईल."

काझींनी कळ दाबली. पडद्यावर शेवाळ्यांची देहाकृती उमटली. खांदा, मनगट, जबडा, मान, दोन्ही गुडघे लाल. आणि कंबर तर गडद लाल. दालनात कुजबुज झाली आणि लगेच विरली.

"हनुमंतराव," काझींनी विचारलं, "कधीपासून?"

शेवाळे खाली बघत राहिले. "नक्की सांगता यायचं नाही, बाई. सुरुवातीला घरी जाईपर्यंत उतरायचं. मग उतरेना. वाटलं, वय झालं. कुणाला सांगणार? माझं अंग धड आहे, साधा अपघातसुद्धा कधी झालेला नाही मला. विश्वास कोण ठेवणार?"

हे शेवटचं वाक्य ऐकून रेवतीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"ओल्या मातीतून गाडी एकदा गेली तरी चाकोरी उरते," काझी न्यायाधीशांना म्हणाल्या. "मज्जातंतूंचंही तसंच झालंय. मी धरून चालले होते की वेदना येते आणि जाते. ती राहिली. प्रत्येक फिर्यादीची थोडी थोडी यांच्यात राहिली, आणि पुढच्या प्रत्येकाची यांना कमी कमी भासली."

"म्हणजे आजवरचे निकाल..." भालेराव बोलता बोलता थांबले.

"पुन्हा तपासावे लागतील."

राजे पुढे आले. "तो वेगळा विषय आहे, साहेब. आजचा मुद्दा साधा आहे. ग्राहकाची कंबर दुखते म्हणून फिर्यादीचीही दुखते, असं सिद्ध होत नाही. दोन्हीकडे सारखंच दुखत असेल तर शून्य येईल. बाईंना काहीच दुखत नसेल तरीही शून्यच येईल."

काझींना मान डोलवावी लागली. तर्क बिनतोड होता. "निरोगी ग्राहक हवा," त्या म्हणाल्या. "मी बसते."

"नाही," रेवती म्हणाली. "कुणी बसायचं नाही. माझं दुखणं खरं ठरावं म्हणून दुसऱ्याला जन्माचं दुखणं द्यायचं? यांच्याकडे बघा जरा. मी दावा मागे घेते."

"मागे घेतला तरी खटला टळत नाही," राजे म्हणाले. "वेदना नव्हतीच, हे आमचं ठाम म्हणणं आहे."

भालेरावांनी चष्मा काढला. "डॉक्टर, ग्राहक कोण असावा, याचा काही नियम?"

"सज्ञान, निरोगी आणि राजीखुशीनं बसणारा. एवढंच."

"आणि फिर्यादीला वेदना नसेलच, तर त्याला काय होईल?"

"काहीही नाही. जे नाही ते पलीकडे जाणार कसं?"

"वकीलसाहेब," भालेराव राजेंकडे वळले, "तुमची प्रकृती ठणठणीत दिसते."

राजे हसले. कुणीच हसलं नाही.

"बाईंना काही दुखत नाही, अशी तुमची खात्री आहे. मग बसा. पडद्यावर शून्य आलं, तर तुमचं म्हणणं निर्विवाद सिद्ध होईल. मी आत्ताच्या आत्ता खटला भरतो."

"साहेब, त्यांनी नको..." रेवती पुटपुटली.

राजे खुर्चीपर्यंत गेले. त्यांनी कोटाचं बटण सोडलं, दांड्यावर हात ठेवला. समोर शेवाळे भिंतीला टेकून उभे होते. एवढ्याशा उभं राहण्यानं त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. राजेंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रेवतीच्या कमरेकडे. राजेंचा हात दांड्यावरच होता, पण गुडघे काही केल्या वाकेनात.

"कंपनीशी बोलावं लागेल," ते अखेर म्हणाले.

"कंपनीला कंबर नसते, वकीलसाहेब. मी तुम्हाला विचारतोय."

राजेंनी दांड्यावरचा हात काढून घेतला.

भालेरावांनी लेखनिकाला खूण केली. "लिहा. फिर्यादीची वेदना खरी आहे, हे प्रतिपक्षाला मान्य आहे."