टाळीच्या आधीचं वाक्य

गाद्या, रजया आणि जुने कोट यांनी भरलेलं एक कपाट. आत एक स्टूल. त्यावर बसायची परवानगी एकट्या आत्याला.

एक पिवळी पावती. 'काच बदलणे.' खाली नाव, घराचा पत्ता आणि नऊ ठिपके. त्यातले पाच रेघेने जोडलेले.

एक शिंक. म्हशीने द्यावी तशी.

'आपल्याविरुद्ध तक्रार आली असून आपले चॅनल बंद करण्यात येत आहे. दहा दिवसांत उत्तर न आल्यास सर्व २१२ गोष्टी कायमच्या काढून टाकल्या जातील.'

"मी त्याला सोडणार नाही! अज्जिबात सोडणार नाही!"

हे शेवटचं मुंगी म्हणाली. वय दहा, उंची कपाटाच्या कडीपर्यंत, राग छतापर्यंत. कानाला हेडफोन लावून ती जमिनीवर बसली होती. शेजारी तिची मोठी बहीण ताई आणि चुलतभाऊ भोंगा. (त्याला भोंगा का म्हणतात, ते तो बोलला की कळतं.) तिघं सुट्टीला आत्याकडे आली होती.

आत्या गोष्टी लिहायची, कपाटात बसून वाचून रेकॉर्ड करायची (गाद्या-रजयांत आवाज घुमत नाही) आणि इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर टाकायची. नऊ वर्षं तिचं हेच काम होतं. कालपासून चॅनल बंद! 'कथासम्राट' नावाचं चॅनल काढलेल्या कुणीतरी त्या साइटच्या कंपनीला शपथेवर लिहून दिलं होतं, की या सगळ्या गोष्टी माझ्या, आवाजही माझाच, आणि ही बाई चोर आहे.

"चोराच्या उलट्या बोंबा!" भोंगा बोंबलला.

"तू सुलट्या मारू नकोस," ताई म्हणाली. "मुंगे, काय ऐकलंस?"

मुंगीने हेडफोन काढून आवाज मोठा केला. कथासम्राटाचा जाडा, घोगरा आवाज खोलीभर पसरला. "...आणि कासव हळूच पाण्यात शिरलं." मागे कुठेतरी, हॅऽऽक्छी!

"ही माझी शिंक आहे!"

"तू काय म्हैस आहेस?"

"अरे गाढवा, त्याने आत्याचाच आवाज यंत्रातून जाडा केलाय. म्हणून शिंकही जाडी झाली! मागच्या मंगळवारी आत्या कपाटात वाचत होती, मी बाहेर शिंकले. केवढी ओरडली होती मला!"

ताईच्या कपाळाला आठी पडली. "पण कासवाची गोष्ट आत्याने चॅनलवर टाकलेलीच नाही. ती फक्त तिच्या फोनमध्ये होती."

"फोन बुधवारी दुरुस्तीला दिला होता," दारातून आत्या म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "काच फुटली म्हणून. सगळ्या गोष्टींच्या कच्च्या प्रती त्यातच आहेत."

"आणि लॉक?"

"पावतीवर ठिपके जोडून काढून दिलं. तो म्हणाला, तपासायला लागतं."

"काच बदलायला लॉक कशाला लागतं, आत्या?"

आत्याने पिवळी पावती उलटीसुलटी करून पाहिली.

"मग कंपनीला उत्तर दे ना!" भोंगा म्हणाला.

"उत्तरात घराचा पत्ता लिहावा लागतो, आणि कंपनी तो तक्रार करणाऱ्याला पाठवते. मी एकटी राहते रे. चोराला पत्ता मीच लिहून देऊ?"

"पत्ता त्याच्याकडे आहेच," मुंगी म्हणाली. "पावतीवर."

आत्या मटकन स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी मुंगीने ठरवलं : या माणसाला घाम फोडायचा. सगळ्यांसमोर!

पण पुरावा? शिंकेवर कोण विश्वास ठेवणार?

*

दुपारभर तिघांनी कथासम्राट ऐकला. चौथ्या गोष्टीला ताई ताडकन उठली.

"थांब! इथे एक वाक्य गायब आहे. राणी डोंगर उतरते, ते वाक्यच नाही. डोंगरावरून एकदम महालात!"

आत्याने डोळे मिटून आठवलं. "त्या वाक्यानंतर राणी टाळी वाजवते. मी खरीच टाळी वाजवली होती."

इथे आत्याची एक पद्धत सांगायला हवी. वाचताना चूक झाली की ती एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायची. मग संगणकावर आवाजाच्या रेघेत टाळीचा उंच सुळका दिसे. सुळक्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य आणि टाळी कापून टाकायची, की झालं!

"त्याने ही खूण ओळखली," ताई म्हणाली, "आणि कापायला यंत्राला बसवलं. टाळी आली, की मागच्या शांततेपर्यंत सगळं छाट! राणीची टाळी खरी, की चुकीची, यंत्राला काय कळणार?"

"आणि तो स्वतः ऐकत नाही?"

"रोज वीस गोष्टी टाकतो. कधी ऐकणार?"

मुंगी हसू लागली. ते हसू चांगल्या मुलीचं नव्हतं.

"म्हणजे आपण टाळ्या वाजवायच्या, आणि कापायचं त्याने!"

*

वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "फोन आत्याचा, गोष्ट आत्याची, बंद पडलेला फोन दुरुस्तीला द्यायला कायद्याची बंदी नाही. फोटो, नंबर मात्र आधी काढून घ्या. आणि गोष्ट लागली, की पहिली मला हाक मारा. ती मी जपून ठेवीन."

आत्या आधी नको नको म्हणत होती. पण गोष्टीचा कागद वाचला आणि लाल पेन उचललं. "सूड घ्यायचा तर उच्चार नीट हवेत! आणि कापायची वाक्यं एका दमात वाचायला हवीत. मध्ये श्वास घेतला, तर यंत्र तिथेच थांबेल."

कागदावर आधी होतं :

*"मी कबूल करतो," कोल्हा खोटंच म्हणाला.* ताईने 'कोल्हा खोटंच म्हणाला' खोडून त्याचं वेगळं वाक्य केलं, म्हणजे मध्ये शांतता येईल. मग :

मी कबूल करतो.
असं कोल्हा अस्वलाला हसत हसत म्हणाला. (टाळी)
हा आवाज माझा नाही.
हे ऐकून माकड झाडावरून पडलं. (टाळी)
दुरुस्तीला आलेल्या फोनमधून मी गोष्टी चोरतो.
जंगलात कुठले आलेत फोन, असं ससा पुटपुटला. (टाळी)
माझं दुकान दवाखान्यासमोर, जिन्याखाली आहे.
कोल्ह्याची ही थाप ऐकून सगळे पोट धरून हसले. (टाळी)

आत्या कपाटात शिरली. बाहेर तिघांनी नाकं दाबून धरली. या वेळी शिंक नको!

*

"चार्ज होत नाही," भोंगा जमेल तेवढं हळू म्हणाला. फोनच्या भोकात रजईचा कापूस त्यानेच कोंबला होता.

दुकानदाराने डोळ्याचं भिंग वर सरकवलं. मागच्या फळीवर डझनभर फोन, प्रत्येकाला पिवळी पावती. "परवा ये, राजा. आणि लॉक काढून दे. तपासायला लागतं."

भोंग्याने ओठ चावत ठिपके जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कथासम्राटाची नवी गोष्ट लागली. 'कोल्ह्याची थाप.' मुंगी एक पायरी सोडून एक, अशी जिना चढली. "काकूऽऽ!"

पहिली दोन मिनिटं जंगल, नदी, सभा. मग तोच जाडा, घोगरा आवाज. "मी कबूल करतो. हा आवाज माझा नाही. दुरुस्तीला आलेल्या फोनमधून मी गोष्टी चोरतो. माझं दुकान दवाखान्यासमोर, जिन्याखाली आहे."

ती गोष्ट फोनाफोनी गावभर पसरली, आणि दुपारी त्या जिन्याखाली तीस-चाळीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात पिवळी पावती! दवाखान्यातली नर्स सर्वांत पुढे. "माझ्या बाळाचे फोटो आहेत त्यात! दाखव काय काय घेतलंस!"

"अहो ताई, कुणीतरी मला फसवलं!" दुकानदाराच्या कपाळावरून घाम निथळत होता. "मी असं बोललोच नाही! तो आवाज माझा नाहीच!"

गर्दीतून वकीलकाकू पुढे झाल्या. "काय म्हणालात? जरा मोठ्याने."

"तो आवाज माझा नाही!"

"अरेच्चा! पण कंपनीला तर तुम्ही शपथेवर लिहून दिलंय, की चॅनलवरचा प्रत्येक शब्द तुमच्याच आवाजात आहे. मग हा कबुलीजबाब तुमचा, की ती शपथ खोटी? दोन्हींतलं एक निवडा. मला घाई नाही."

दुकानदाराने रुमाल काढून कपाळ पुसलं.

मुंगीला त्याची दया आली का? नाही. ती एका खोक्यावर चढली, त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून. "आणखी घाम येऊ दे," ती म्हणाली.

शेवटी त्याने शपथ खोटी असल्याचं लिहून दिलं. वकीलकाकूंनी बोलावलेल्या, पोलिसांच्या सायबर शाखेच्या बाई दुकानातला संगणक आणि डिस्क उचलून घेऊन गेल्या. जाताना त्यांनी तिघांकडे पाहिलं. "टाळ्यांची कल्पना कुणाची?"

"हिची!" मुंगीकडे बोट दाखवून भोंगा गरजला. पलीकडचा रस्ता वळून बघू लागला.

"आमच्याकडे वीस वर्षं काढलेल्या माणसांना सुचली नसती. शाब्बास!"

"शाब्बास काय," वकीलकाकू म्हणाल्या, "ही तिघं मोठी झाल्यावर मला यांच्याविरुद्ध खटला लढायला लावू नका, म्हणजे झालं!" आणि त्यांनी तिघांच्या पाठीवर जोरात थाप मारली.

दोनशे बारा गोष्टी नवव्या दिवशी परत आल्या. आत्याने सगळ्यांत आधी फोनचं लॉक बदललं आणि ते कुणालाच सांगितलं नाही. मुंगीलाही नाही!

एक सांगायचं राहिलं : ज्या दिवशी चॅनल बंद झालं, त्या दिवशी आत्याने कपाटात बसून, रेकॉर्डिंग सुरू न करता एक अख्खी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली होती. ऐकायला कुणी नसलं, तरी तिला वाचायचंच होतं.